भाऊबिजेचा मेंढा

"आक्का, आधी ह्याला ववाळ. मला काय, मी दर साली येतूयच," असं म्हणत माझा भाऊ मायाप्पा टेम्पोतून उतरला आणि मागचं फळकूट पाडायला लागला.

मी ताट हातात धरून तशीच उभी राहिले. भाऊबीज होती. आमचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, हेळवाकच्या अलीकडे एका कापणी झालेल्या भातरानात पडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंभार्ली घाट उतरून कोकणात शिरायचं, आणि मग उन्हाळा सरत येईपर्यंत माणदेशाचं तोंड पाहायचं नाही, हा आमचा नेम. त्यामुळे माझी भाऊबीज दरवर्षी घाटाच्या तोंडाशीच व्हायची. मायाप्पा म्हसवडहून एसट्या बदलत यायचा, काखेत कोकरू घेऊन, आणि आल्या आल्या कंडक्टरने कोकराचं तिकीट कसं मागितलं याची तक्रार सांगायचा. टेम्पो करून तो पहिल्यांदाच आला होता.

फळकूट पडलं. मायाप्पाने आणि टेम्पोवाल्याने मिळून मेंढा खाली उतरवला, तेव्हा वाड्यावरच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. काळा कुळकुळीत, कपाळावर हळदीचा मळवट, आणि पाठ एवढी रुंद की तिच्यावर पाटा ठेवून वाटण वाटावं. दात मात्र अजून दुधाचे.

"वरसाचा तरी हाय का रं?" मी विचारलं.

"आठ म्हयनं व्हायचं हायती अजून," मायाप्पा म्हणाला. छाती अशी फुगली होती, जसं काही त्यानेच त्याला नऊ महिने पोटात वाढवलं. "आन् पेंडीचा एक घास दिला न्हाई. निव्वळ चराईवर. माळाची कुसळं खाऊन एवढा झालाय."

आमच्या माहेरची रीत अशी, की भाऊबिजेला भाऊ बहिणीच्या ताटात पैसे टाकत नाही, नर कोकरू देतो. कळपात एकच रक्त फार वर्षं फिरू नये म्हणून बाहेरचा नर लागतोच, तो बहिणीला माहेराहून मिळतो. ते जनावर बाईचं स्वतःचं. त्याच्या कानाला तिची खूण, आणि तिला विचारल्याशिवाय नवराही ते विकत नाही. आणखी एक, ओवाळणी कधी परत करायची नसते. भावाला परत केलेलं जनावर म्हणजे भावालाच परत पाठवल्यासारखं.

मी मेंढ्याला ओवाळलं, मग भावाला. माझे सासरे, जे माझे सख्खे मामाच, मेंढ्याजवळ उकिडवे बसले. पाठीवरून हात फिरवला, एकेक पाय उचलून खूर पाहिले, आणि म्हणाले, "बेणं झ्याक हाय." मामांच्या तोंडून एवढं निघणं म्हणजे फार झालं. पण ते म्हणताना त्यांची नजर घाटाकडे होती.

या मेंढ्यामागे मायाप्पाची बरीच वर्षं होती, ते सांगायला हवं. आम्हा मेंढकरांची एक खोड मी लहानपणापासून बघत आले. विकायची वेळ आली की सगळ्यात लवकर वाढलेलं नर कोकरू आधी जायचं, कारण खाटीक हात ठेवायचा तो त्याच्यावरच. मागे उरायची ती रडकी, पोट सुटलेली, चांगलं दूध पिऊनही अंग न धरलेली. त्यातलंच एखादं मग मोठं होऊन कळपाचा बाप व्हायचं. त्याची कोकरं पुन्हा तसलीच. आणि आम्ही कपाळाला हात लावून म्हणायचो, औंदा चराईच बरी नाही. मायाप्पाने ही खोड मोडली. त्याच्या माळावर मेंढ्यांची जात सुधारायच्या सरकारी प्रकल्पाची माणसं यायला लागली होती. कोकराच्या कानात बिल्ला मारायचा, त्याला झोळीत घालून काट्याला टांगायचं, आणि नुसत्या चराईवर कुणाचं वजन भराभर वाढतंय ते बघायचं. ज्याचं वाढतं त्याला विकायचं नाही, मेंढ्यांत सोडायचं. बाकीचे बाजारात. भावकी पोट धरून हसली होती. मायाप्पाची कोकरं त्यांच्या कोकरांच्या वर दिसायला लागली तेव्हा एकेकजण त्याच्याकडे मेंढा मागायला आला, आणि गावाने त्याला सोसायटीचा चेअरमन केला.

जेवताना त्याने मुद्द्याला हात घातला. आमच्या मालकांच्या ताटात भाकरी वाढत मी तिथंच होते.

"दाजी, ह्यो मेंढा कोकणात न्यायला न्हाई आणला मी."

"मग?"

"ह्याला घिऊन हितनंच माघारी फिरा. माझ्या हिरीखालचं रान पडून हाय. तारंचं कुंपण मी घालून दितो. ह्याची कोकरं आली म्हंजी निम्म्या मेंढरांत आत्ताएवढं वजन हुईल. मग कशापायी घाट उतरायचा? ह्या मेंढराला हिंडाय लागत न्हाई. चरतंय आन् वाढतंय."

"आन् कोकणातली भातवाली मानसं?" मामांनी विचारलं. "खतासाठी वाट बगत्यात आमची. त्यांच्या रानात कोण बसवायचं मेंढरं?"

"मामा, त्यांला युरिया मिळतोय."

मी मालकांकडे पाहिलं. त्यांनी भाकरीचा शेवटचा तुकडा कालवणात फिरवला, खाल्ला, हात धुतले.

"मेंढा तिचा हाय," ते म्हणाले. "ती म्हणंल तसं." आणि घोड्याला पाणी दाखवायला उठून गेले.

मला असा राग आला त्यांचा! सबंध संसाराची दिशा माझ्या डोक्यावर ठेवायची आणि आपण घोड्याकडे जायचं. राग यायचं खरं कारण वेगळं होतं. मला हो म्हणायचं होतं. लग्न झाल्यापासून मी दाराला कडी लावून झोपले नव्हते. पावसाळ्यात गावी असायचो, तेही मेंढरांबरोबर माळावरच. थंडीत पाल, उन्हाळ्यात झाड. चूल रोज नवी, पाणी रोज नवीन बाईला विचारून घ्यायचं. मला फक्त एक जागा हवी होती, जिथं काल ठेवलेलं भांडं आज तिथंच सापडेल. त्यात माझ्या भावाची जागा, माझ्या बापाचा माळ. सासरी माणसं प्रेमाची असली तरी माहेर ते माहेर. मी भांडी घासत होते आणि मनात त्या विहिरीजवळ चूल मांडून बसले होते.

दुपारी मामा म्हणाले, "मेंढरं वर डोंगराला सोडू. त्यालाबी घ्या संगं. आमच्यात यायचं तर चढ बगू दे की त्याला."

मालक कळप घेऊन पुढे गेले. मागून मी, मायाप्पा आणि मेंढा. मेंढा चरायचा तर मान वर म्हणून करायचा नाही. आमची मेंढरं एक घास इथं, एक घास तिथं, निम्मं लक्ष पुढच्या पायवाटेकडे. हा मात्र एका जागचं गवत साफ करूनच पाऊल टाकायचा. पायथ्याशी सगळं झकास चाललं. मग चढण लागली. मेंढा चार पावलं चढला, थांबला, तोंड उघडून धापा टाकायला लागला, आणि सरळ खाली बसला.

मायाप्पाने त्याला पुढून ओढलं. मी मागून ढकललं. मेंढा हलेना. मग मायाप्पाही त्याच्या शेजारी बसला, कारण त्यालाही धाप लागली होती.

"तुलाबी काट्याला टांगत्यात काय रं ती मानसं?" मी म्हटलं. "चांगला वजनात आलायस."

"टांगतीलबी. पर मला पैदाशीला न्हाई ठिवायची."

आम्ही दोघं एवढं हसलो की मेंढ्याने कान हलवले. मग मीही बसले. मेंढा उठेपर्यंत दुसरं कामच नव्हतं. लहानपणी आम्ही बापाच्या कळपामागे याच डोंगराखालून जायचो, मी पुढे आणि हा माझा पदर धरून मागे. बापाचे गुडघे गेले तेव्हा मायाप्पाला मिसरूड फुटत होतं. बापाने विहीर खणली, माळ नांगरला, आणि हा तिथंच राहिला. मी लग्न होऊन मामाच्या घरी आले, ती चालत राहिले.

"औंदा पयला तळ कुठं? पोफळीला?" त्याने विचारलं.

"व्हय."

"त्या फणसाखाली?"

"फणस पडला की. गेल्या पावसात."

"पडला?" घरातलं माणूस गेल्यासारखा त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "आन् ती म्हातारी? कण्या द्यायची ती?"

"हाय की. इचारती मला, त्यो नाकात बोलणारा पोरगा कुठं ऱ्हायला म्हणून."

"मी न्हाई नाकात बोलत."

"बोलतोस."

त्याने पुढचा तळ विचारला, त्याच्या पुढचा विचारला. ओढ्याला पाणी असतं का, बांधावरची वाट कुणी अडवली का, शिरगावचा तो भांडखोर कुत्रा गेला का. मी उत्तरं देत होते, पण माझं लक्ष नव्हतं. मला वाटलं, मुख्य गोष्ट काढायच्या आधी माणूस बोलतो तसं बोलतोय.

शेवटी त्याने ती काढली. "आक्का, खोली बांधलीया तुझ्यासाठी. हिरीच्या वरच्या अंगाला."

"दार हाय?"

माझ्या तोंडून हेच का निघालं कोण जाणे. तो माझ्याकडे बघत राहिला.

"बिनदाराची बांधू व्हय? सागवानी दार हाय. आतनं कडी, भायरनं कुलूप."

माझे डोळे भरून आले. मी पदर तोंडावर ओढून घेतला आणि विचारलं, "पर तुला काय मिळतंय रं ह्यात?"

तो मेंढ्याच्या पाठीतली कुसळं काढत होता. "घरात समदी हायती. पर मला नावानं हाक मारणारं कोण ऱ्हायलं न्हाई. बायकू अवो म्हणती, पोरं आबा म्हणत्यात, गाव चेअरमन म्हणतंय. सांजच्याला मेंढरं कुंपणात शिरली की मी झापा लावतो. मग उभा ऱ्हातो तिथंच. ती कुठं जाणार न्हाईत, मीबी न्हाई."

वर कुठंतरी मालकांची शीळ ऐकू आली. मी मान वर करून पाहिलं. ते डोंगराच्या सोंडेवर उभे होते, काठी खांद्यावर आडवी, दोन्ही हात तिच्यावर टाकलेले, आणि सगळा कळप खालून त्यांच्याकडे ओढला जात होता. पावसाळ्यात गावी हाच माणूस पारावर बसायचा तेव्हा मला त्याची दया यायची. कुणाशी बोलायचा नाही, जेवायचा नाही धड, दसरा कधी होतो आणि वाडा कधी हलतो याची वाट बघायचा. इथं त्याला बघितलं की मला पुन्हा नव्याने आवडायचा. त्याला कुंपणाआड बसवून मी त्या सागवानी दाराला कडी लावणार होते, आणि आत तो माझ्याकडे बघत बसणार होता. माझं मन तिथंच, त्या चढणीवर ठरलं. ठरल्यावर हलकं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही वाटलं नाही.

मेंढा आपल्या मर्जीने उठला आणि उताराकडे तोंड करून चालायला लागला. आम्ही त्याच्या मागे उतरलो.

दिवस मावळायच्या आत मी सगळ्यांसमोर मेंढ्याला धरायला सांगितलं आणि त्याच्या कानाला माझी खूण केली. मायाप्पाचा चेहरा खुलला.

"आता ह्यो माझा," मी म्हटलं. "आन् माझा मेंढा मी तुझ्याकडं वाट्यानं ठिवते. निम्मी कोकरं तुझी, निम्मी माझी. माझी तिथंच वाढव. काट्याला टांग, चांगली निगतील ती ठिव. भावकीच्या मेंढरांतबी फिरव ह्याला. त्यो माळाचा हाय, तितंच ऱ्हाऊ दे."

"आन् तू?"

"मी उद्या घाट उतरते."

वाट्याने जनावर देणं आमच्यात नेहमीचं. ओवाळणी परत केली असं कुणी म्हणू शकत नव्हतं. मामा खाली मान घालून तंबाखू मळत होते. मालकांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहिलं.

"खोली?" मायाप्पाने विचारलं.

"ऱ्हाऊ दे तशीच. पाय थकलं की येईन."

तो हो म्हणाला. नाराज दिसला नाही. उलट जरा सुटल्यासारखाच दिसला, आणि ते मला तेव्हा बिलकूल समजलं नाही. मलाच वाईट वाटलं, की एवढं घर देऊ केलं आणि एका शब्दाने मिटलं.

सकाळी वाडा हलला. घोड्यावर पाल, भांडी, कोंबड्या लादल्या. टेम्पोवाला मेंढा घेऊन रस्त्याकडेला थांबला होता. मायाप्पा म्हणाला, "पयल्या वळणापतूर येतो," आणि माझ्या हातातला घोड्याचा कासरा त्याने घेतला.

पहिलं वळण आलं. "फुडल्यापतूर," तो म्हणाला. मग त्याच्या पुढच्या. खालून ट्रक यायचे, हॉर्न वाजवायचे. मायाप्पा पुढे होऊन शीळ घालायचा आणि मेंढरं निमूट कडेला लागायची. आमची मेंढरं, त्याची शीळ त्यांनी कधी ऐकलेली नव्हती. पोट सुटलेलं, अंगात चेअरमनचा पांढरा शर्ट, पण चालणं असं, की मला मागून माझा बाप चालल्याचा भास झाला. मध्येच कड्यातून पाणी पाझरत होतं तिथं तो थांबला, ओंजळभर प्याला आणि म्हणाला, "हितलं पानी तसंच हाय बग, लोखंडाच्या वासाचं."

एका वळणावर खालचं कोकण दिसायला लागलं. धुकं, त्यात भाताची पिवळी खाचरं. कळप पुढे गेला. मी म्हटलं, "मायू, आता फिर. टेम्पोवाला बोंबलत असंल. मेंढा उन्हात हाय."

त्याने मान हलवली. मी कासऱ्यासाठी हात पुढे केला. त्याने तो सोडला नाही.

"आक्का, मी तुला न्यायला आलो त्ये तुझ्यापायी न्हवतं गं," तो म्हणाला.

"मग?"

"दसरा झाला की मी घरी बसून मोजत असतो. आज पाटण, आज हेळवाक. आज घाट उतरली असतील, आज पोफळीला चूल पेटली असंल. काट्याला कोकरू टांगल्यालं असतंय, साहेब काय तरी इचारत असतो, आन् मी हितं असतो, तुमच्या मागं. मला वाटलं, तू माघारी आलीस म्हंजी माझ्या डोक्यातलं हे चालणं थांबल. पर काल तू न्हाई म्हणालीस तवा बरंच वाटलं, ते चालूच ऱ्हाईल म्हणून."

घोडं खूर आपटत होतं. माझ्या भावाने सगळ्यात चांगलं वाढणारं जनावर इतकी वर्षं निवडून निवडून तयार केलं होतं, आणि ते त्याला एकाच जागी बांधून ठेवत होतं. मी त्याच्या दाराची स्वप्नं बघत होते आणि तो माझ्या वाटेची.

"मग चल की," मी म्हटलं. खरंच म्हटलं. "टेम्पो जाऊ दे मेंढा घिऊन. पोफळीपतूर तरी चल."

त्याने खाली बघितलं, बराच वेळ. कळप पुढच्या वळणाआड गेला, फक्त मालकांची शीळ ऐकू येत राहिली. मग मायाप्पा हसला. डोळे पुसायचंही भान नव्हतं त्याला.

"सोमवारी वजनं हायती," तो म्हणाला आणि कासरा माझ्या हातात दिला.

मी उतरायला लागले. एकदा वळून पाहिलं तेव्हा तो रस्त्याच्या कठड्यावर बसला होता, आमच्याकडे तोंड करून. खालच्या वळणावरून पुन्हा पाहिलं, तेव्हाही तिथंच होता.

मायाप्पाला जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझे गुडघे गेले आणि मी त्याच्या त्या खोलीत राहायला आले. भाचा मेंढरं बघतो. थोराड, काळी, देखणी मेंढरं, बघणाऱ्याची दृष्ट लागावी अशी. माझ्या वाट्याचीही त्यात आहेत. मालक अजून थोरल्या मुलाबरोबर वाड्यावर जातात, म्हातारपणी त्यांना कोण अडवणार? दसरा झाला की मी ओसरीवर बसते. आज पाटण. आज हेळवाक. आज बहुतेक घाट उतरले असतील.

थोरल्याकडे मोबाईल आहे. मलाही त्याने एक घेऊन दिलाय. दरवर्षी परत आला की विचारतो, "आये, तू एकदाबी फोन का लावत न्हाईस? पोचलो का न्हाई तुला कसं कळायचं?" फोन लावला तर ते कुठं आहेत हे एका शब्दात कळेल, आणि मग माझं चालणं तिथंच थांबेल. हे त्याला कसं सांगायचं? मी म्हणते, मला त्यातली बटणं कळत नाहीत.